चौकटीबाहेर राहिलेला ख्रिस्त

असिसीची संत क्लारा एका नाताळच्या रात्री आजाराने अंथरुणाला खिळून होती. मठातील इतर भगिनी प्रार्थनेला गेल्या; ती एकटीच खोलीत राहिली. त्या रात्री संत फ्रान्सिसच्या मंदिरातील उपासना, तिथले गायन आणि ऑर्गनचे सूर तिला आपल्या खोलीत ऐकू आले, गव्हाणीही दिसली, अशी कथा आहे. भिंतीवर सारे दृश्य उमटले, असे परंपरा सांगते. या कथेचा आधार घेऊन पोप बारावे पायस यांनी १९५८ साली संत क्लाराला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. घरबसल्या चित्र पाहणाऱ्या आपणा सर्वांची ती आश्रयदाती झाली म्हणायची! फरक इतकाच की, क्लाराच्या हाती रिमोट नव्हता आणि तिची भिंत चित्राच्या कडा कापून टाकत नव्हती.

चित्रपट आणि आपण यांच्यामध्ये घरी एक यंत्र उभे असते. ते काचेच्या खिडकीसारखे निर्विकार आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक हे यंत्र चित्रपटाला आपल्या मापाने कापते, ताणते, त्याचा वेग बदलते, आवाजाचा तळ काढून घेते. आणि एवढे झाल्यावर जे उरते त्यालाच आपण दिग्दर्शकाची कलाकृती समजून तिच्यावर मते देतो. मीही दिले आहे. एका चित्रपटावर मी जाहीरपणे केलेला अन्याय हे या लेखाचे निमित्त आहे.

तो चित्रपट म्हणजे विल्यम वायलर यांचा ‘बेन-हर’. ल्यू वॉलेस यांच्या १८८० सालच्या कादंबरीवरून १९५९ साली निघालेला आणि अकरा ऑस्कर मिळवणारा. वसईच्या वाड्यांत माझ्या पिढीने तो पाहिला तो मोठ्या पडद्यावर नव्हे. ऐंशीच्या दशकात रंगीत संच आणि व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्याने आणण्याची चाल होती. झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी आमच्या अंगणात टेबलावर संच मांडला गेला, चटया अंथरल्या, शेजारची पाच-सहा घरे गोळा झाली आणि एकवीस इंची काचेवर आम्ही ‘बेन-हर’ पाहिला. रथांच्या शर्यतीच्या वेळी मुले उभी राहून ओरडत होती. कुष्ठरोग्यांच्या दरीचे दृश्य आले तेव्हा बायका पदराने डोळे टिपत होत्या. आजी मात्र मधूनमधून एकच प्रश्न विचारी, “अरे, येशू कुठे आहे?” आम्ही तिला म्हणायचो, “आजी, या पिक्चरमध्ये येशूचा चेहरा दाखवत नाहीत.” त्यावर ती म्हणाली, “चेहरा राहू दे. पण तो आहे कुठे?”

आजीचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला. पुढे १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली आणि त्या निमित्ताने व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मानवी मूल्ये आणि कला अशा तीन गटांत प्रत्येकी पंधरा चित्रपट होते. धर्माच्या गटात ‘बेन-हर’ होता. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये त्या यादीवर माझे व्याख्यान ठेवले होते. त्या व्याख्यानात मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो की, या यादीत ‘बेन-हर’ला जागा मिळायला नको होती, वायलर यांना ख्रिस्ताचे काय करावे हे कळलेले नाही, म्हणून त्यांनी त्याला लपवले आहे आणि उरलेली जागा घोड्यांनी भरून काढली आहे. श्रोते हसले. टाळ्याही मिळाल्या.

पुढे कित्येक वर्षांनी पुतण्याच्या घरी रुंद संचावर, चकतीवरून, हा चित्रपट मूळ आकारात पाहण्याचा योग आला. वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधे लांबलचक चित्र. पहिल्या तासाभरातच माझ्या लक्षात आले की, मी ज्यावर व्याख्यान दिले होते तो वायलर यांचा चित्रपट नव्हताच. ती आमची कॅसेट होती.

इथे थोडा हिशेब मांडणे भाग आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाची काच चारास तीन या प्रमाणात असे, म्हणजे उंचीच्या सव्वापटीहून थोडी अधिक रुंद. ‘बेन-हर’ पासष्ट मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर, खास भिंगे वापरून चित्रित झाला आणि त्याची चौकट उंचीच्या पावणेतीन पट रुंद आहे. एवढे रुंद चित्र चौकोनी काचेत बसवायचे दोनच मार्ग होते. एक, ते अखंड दाखवायचे आणि वर-खाली काळी जागा सोडायची. मग एकवीस इंची संचावर चित्राची उंची अवघी सहा इंच उरे. दुसरा मार्ग, काच पूर्ण भरायची आणि दोन्ही बाजूंचे चित्र कापायचे. ग्राहकाला काच भरलेली हवी असे, म्हणून कॅसेटी बहुधा दुसऱ्या मार्गाने निघत. त्यात चित्राचा निम्म्याहून अधिक भाग जाई. कुठला भाग ठेवायचा हे प्रसंगागणिक एक तंत्रज्ञ ठरवी: कधी डावीकडचा, कधी उजवीकडचा, आणि दोन्हीकडे काही महत्त्वाचे असेल तर तो चौकट चित्रावरून सरकवी किंवा एका दृश्याचे दोन तुकडे करी. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा जिथे स्थिर होता तिथे तो हलू लागे. संकलकाने जिथे कात्री लावली नव्हती तिथे कात्री लागे.

आता नाझरेथचा प्रसंग आठवा. खोट्या आरोपावरून गुलाम झालेला ज्यूडा बेन-हर साखळदंडात बांधलेल्या कैद्यांबरोबर चालतो आहे. नाझरेथच्या विहिरीपाशी सर्वांना पाणी मिळते. त्याला मात्र द्यायचे नाही असा रोमन अधिकाऱ्याचा हुकूम आहे. तो कोसळतो, देवाचा धावा करतो. एक हात पुढे येतो, त्याच्या मस्तकाला पाणी लावतो, त्याला पाणी पाजतो. अधिकारी ओरडत येतो. पाणी देणारा उठून उभा राहतो. आपल्याला दिसते ती त्याची पाठ, खांद्यावर रुळणारे केस; आणि त्याच्या समोर तो अधिकारी. अधिकारी त्या चेहऱ्याकडे पाहतो. चाबूक धरलेला हात थांबतो. तो काही बोलू पाहतो, बोलवत नाही. वळतो, पुन्हा मागे पाहतो. ख्रिस्ताचा चेहरा आपल्याला दिसत नाही, पण त्या चेहऱ्याने एका क्रूर माणसाचे काय केले ते दिसते.

हा परिणाम होण्यासाठी पाठ आणि चेहरा दोन्ही एकाच वेळी, एकाच चौकटीत असावे लागतात. मधल्या मोकळ्या जागेसह. आमच्या कॅसेटीत अधिकारी एकटाच दिसे. तो कुणाकडे पाहून गडबडला ते कळायला मार्ग नव्हता. तो उन्हाने भोवंडला असावा अशी आम्हा मुलांची समजूत होती. आजी विचारत होती, तो आहे कुठे? तो काचेच्या डाव्या-उजव्या कडेबाहेर उभा होता.

डोंगरावरच्या प्रवचनाचेही तसेच. प्रभू पाठमोरा उंचावर उभा. समोर उतारावर पसरलेला जनसमुदाय. तो जमाव त्या रुंदीत कडेपासून कडेपर्यंत भरलेला आहे आणि ज्यूडा त्या जमावात न थांबता निघून जातो. रुंद चौकटीत आपण दोन्ही पाहतो: ऐकायला बसलेले हजारो आणि न ऐकता जाणारा एक. चौकट कापली की पन्नासेक माणसे उरतात आणि कुणीतरी चालत गेल्याचे दिसते. शर्यतीच्या दृश्यालाही मी ‘घोड्यांनी भरलेली जागा’ म्हणालो होतो. नऊ रथ, प्रत्येकाला चार घोडे एका ओळीत जुंपलेले. ती रुंदी रथांसाठी आहे हे खरेच. पण तीच रुंदी विहिरीपाशी त्या दोघांसाठी वापरली आहे, याचा पत्ता मला कॅसेटीवरून लागणार नव्हता.

आवाजाविषयी एवढेच. संगीतकार मिक्लोश रोझा यांनी या चित्रपटात ख्रिस्ताच्या प्रसंगांसाठी ऑर्गनचा वापर केला आहे. भूमिका करणारा क्लॉड हीटर हा व्यवसायाने ऑपेरा गायक. त्याचा आवाज मात्र चित्रपटभर एकदाही ऐकू येत नाही. म्हणजे चेहरा नाही, वाणी नाही. उपस्थिती सांगायला आहे ती चौकटीतील जागा आणि ऑर्गनचे खालचे सूर. संचाच्या बोटभर कर्ण्यातून ते सूर निघूच शकत नाहीत. आजही पातळ संचांची हीच दुर्दशा आहे. चित्र भिंतीएवढे आणि आवाज डबीतला! भारतात ज्या पद्धतीच्या कॅसेटी चालत, त्यांत सेकंदाला चोवीस चित्रांऐवजी पंचवीस चित्रे जात. त्यामुळे दोनशे बारा मिनिटांचा हा चित्रपट साडेआठ मिनिटे आधी संपे आणि सारे संगीत किंचित वरच्या पट्टीत वाजे. हे कुणाच्या कानाला खटकल्याचे मी ऐकलेले नाही. माझ्याही खटकले नाही.

घरच्या पडद्यासाठीच घडवलेला ख्रिस्तही आपल्याकडे आहे. फ्रँको झेफिरेली यांची ‘जीझस ऑफ नॅझरेथ’ ही सहा तासांहून मोठी मालिका १९७७ च्या उपवासकाळात इटली आणि ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर आली. झेफिरेली यांना ठाऊक होते की, हे चित्र लहान काचेवर, दिवा चालू असलेल्या खोलीत, घरकामाच्या गडबडीत पाहिले जाणार. म्हणून त्यांनी चेहऱ्यावर सारी भिस्त ठेवली. रॉबर्ट पॉवेल यांचे डोळे चौकटीच्या मधोमध आहेत आणि कडेला फारसे काही नाही. कापायला काही नाही म्हणून ही मालिका कॅसेटीवर, केबलवर, चकतीवर सगळीकडे शाबूत राहिली. आणि आज अनेक घरांत ख्रिस्त म्हटले की पॉवेल यांचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो. मी त्या मालिकेला कमी लेखत नाही. पण पडद्याचा आकार बदलला की प्रभूला दाखवण्याची रीतही बदलते, हे या दोन कलाकृती शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते. रुंद पडद्याने त्याला पाठमोरे उभे करून भोवतीच्या माणसांकडे पाहायला लावले. लहान पडद्याने त्याला आपल्याकडे वळवले. कुठली रीत भक्तीला अधिक मानवते हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत आता पहिल्या बाजूला झुकले आहे.

रुंद संच घरोघर आल्यावर हा प्रश्न मिटला असे वाटेल. तो उलटा झाला. आता काच सोळास नऊ आहे आणि जुने चौकोनी चित्रपट तिच्यात पूर्ण भरत नाहीत. म्हणून घराघरांत कुणीतरी बटण दाबून ते ताणतो. कार्ल ड्रायर यांचा ‘जोन ऑफ आर्क’ (१९२८) हाही त्या यादीत आहे. या मूकपटाची मूळ प्रत बर्लिनमध्ये आगीत नष्ट झाली होती आणि १९८१ साली ओस्लोच्या एका मनोरुग्णालयातील कपाटात जुनी प्रत सापडली. जवळजवळ सारा चित्रपट चेहऱ्यांचा आहे. फाल्कोनेत्ती या अभिनेत्रीचा तो चेहरा काच भरावी म्हणून ताणला की तिसऱ्या हिश्शाने रुंद होतो. संत जोनचे कृश, रडून सुजलेले मुख गुबगुबीत होते! अर्ध्या शतकाहून अधिक काळ हरवलेली वस्तू कपाटातून निघून आपल्या घरापर्यंत पोहोचते आणि शेवटच्या दहा फुटांत आपणच ती बिघडवतो. या मूकपटाचा खरा वेग कोणता याबद्दलही वाद आहे. सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगाने तो सुमारे एक्याऐंशी मिनिटांत संपतो, वीसच्या वेगाने सुमारे सत्त्याण्णव. काही चकत्यांवर दोन्ही वेग दिलेले आहेत. मी वीसचा पाहतो. चोवीसच्या वेगात न्यायाधीश घाईत असल्यासारखे वाटतात.

नव्या संचांत आणखी एक ‘सोय’ येते आणि ती बहुधा विकत घेतानाच चालू असते. सेकंदाला चोवीस चित्रे संचाला कमी वाटतात, म्हणून दोन चित्रांच्या मधे तो स्वतःच्या अंदाजाने नवी चित्रे रचून घालतो. हालचाल गुळगुळीत होते. पण अंगावर झगे चढवून माणसे स्टुडिओत फिरत आहेत असे दिसू लागते, सायंकाळच्या मालिकांसारखे. २०१८ साली टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी ही सोय बंद करा, अशी प्रेक्षकांना ध्वनिचित्रफितीद्वारे विनंती केली होती. आपल्या संचाच्या मांडणीत ‘मोशन’ हा शब्द असलेली जी जी नोंद दिसेल ती बंद करून पाहा. घरातील तरुण मंडळींना हे दोन मिनिटांचे काम आहे.

यंत्राचा दोष सांगून झाला, आता हाताचा. क्रिस्तॉफ किश्लोव्स्की यांनी १९८८ साली पोलिश दूरचित्रवाणीसाठी दहा आज्ञांवर दहा लघुचित्रपट केले, प्रत्येक तासाभराच्या आतला. ‘डेकालॉग’चा पहिला भाग ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याची सुरुवात आठवेल. एक स्त्री रस्त्यावर, दुकानाच्या काचेतून, आत चालू असलेल्या दूरचित्रवाणीकडे पाहत रडते आहे. पडद्यावर शाळेतील मुले धावत आहेत. त्यांत तिचा भाचा पावेल आहे. तो आता जिवंत नाही, हे आपल्याला नंतर कळते. त्याच्या वडिलांनी संगणकावर तळ्यातील बर्फाची जाडी मोजून स्केटिंगला परवानगी दिली होती. हिशेब बरोबर होता आणि बर्फ फुटले. शेवटी वडील बांधकाम चालू असलेल्या चर्चमध्ये जातात, वेदी उलथून टाकतात, आणि मेणबत्तीचे मेण पवित्र मरियेच्या प्रतिमेवर अश्रूंसारखे ओघळते. मग पुन्हा तो दूरचित्रवाणीचा पडदा. धावणारा पावेल मंदावतो आणि थिजतो.

हा भाग मी प्रथम पाहिला तेव्हा वडील चर्चमध्ये शिरले त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली. मी रिमोटचे बटण दाबले. दूधवाल्याचा हिशेब केला, दोन वाक्ये हवापाण्याची बोललो, आणि परत येऊन त्या बापाला पुन्हा चालू केले. तो तोपर्यंत दारात एक पाय उचलून उभा होता. वेदी उलथली, मेण ओघळले, आणि मला काहीच झाले नाही. चूक माझी होती असे मी म्हणणार नाही. दूधवाल्याला ताटकळत ठेवणे हेही काही पुण्य नव्हे. पण शेवटी पावेल थिजला तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा की, कुणीतरी बटण दाबले. ज्या थांबण्यात मरण आहे ते थांबणे माझ्या बोटाने आधीच स्वस्त करून ठेवले होते. व्हीसीआरने आपल्याला हे बटण दिले. चकत्यांनी चित्रपटाला तुकड्यांत वाटले. आता तर पहिला भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. पहिल्या भागानंतर काही वेळ अंधारात बसावे लागते. दहा आज्ञा एका रात्रीत उरकायच्या नसतात.

आणि आता चित्र खिशात आले. हातातील फोनवर ‘बेन-हर’ मूळ आकारात लावला तर त्याची उंची जेमतेम दोन इंच भरते. डोंगरावरचा प्रभू तांदळाच्या दाण्याएवढा. फोनची थट्टा करणे सोपे आहे. पण २०२० सालच्या मार्च महिन्यातील एक रात्र मला ती थट्टा करू देत नाही. २७ तारखेला दिवंगत पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या, पूर्ण रिकाम्या संत पेत्राच्या चौकातून एकटे चालत गेले. चर्च बंद होती. आमच्या घरात ते दृश्य फोनवर पाहिले गेले, कारण नेमका त्या वेळी दूरचित्रवाणीवर दुसरे काही चालू होते आणि रिमोट सापडत नव्हता. एवढ्याशा काचेत तो विस्तीर्ण, ओला, मोकळा चौक आणि कडेला एक पांढरी आकृती. कुणी थांबवले नाही, कुणी पुढे ढकलले नाही. ते दृश्य तेव्हाच घडत होते, म्हणून थांबवण्याचा विचारही कुणाला सुचला नाही. फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि आम्ही चौघे गुडघ्यांवर होतो. पडद्याच्या मापावरून मी बांधलेले सारे सिद्धांत त्या रात्री थोडे डळमळले, हे इथे नमूद करतो. ते दृश्य दोन इंचांतही उरले, कारण ते अखंड होते. रिकामी जागा कुणी कापून टाकली नव्हती.

येत्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील युवक चर्चच्या हॉलमध्ये ‘बेन-हर’ दाखवणार आहेत. त्यांनी मला सल्ला विचारला. मी सांगितले, पडदा नसला तरी चालेल, समोरची भिंत पांढरी आहे. खिडक्यांना काळे कापड लावा. आवाज हॉलच्या मोठ्या कर्ण्यांतून द्या. प्रोजेक्टर भिंत भरण्यासाठी चित्र कापत नाही ना, हे आधी तपासा. मध्यंतर चित्रपटातच आहे, तिथेच घ्या, चहा तयार झाला म्हणून मधेच थांबू नका. चहाच्या मुद्द्यावर मतभेद आहेत. काळ्या पट्ट्या पाहून लोक तक्रार करतील, अशी धास्तीही त्यांना वाटते. मी सुरुवातीची दहा मिनिटे मागून घेतली आहेत. १९९५ सालच्या त्या व्याख्यानाला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी काहीजण अजून पहिल्या रांगेत बसतात. त्यांच्यासमोर मला माझे ते वाक्य परत घ्यायचे आहे आणि विहिरीपाशी चौकटीच्या दोन्ही कडांकडे पाहा एवढे सांगून खाली बसायचे आहे.